हेतूची भाषा : 'म्हणून'चे इंग्रजी कसे करावे?

पावसाळ्यातील एक संध्याकाळ. चलथाणच्या माझ्या दवाखान्यात तापाच्या बालरुग्णांची रांग होती. आईबरोबर आलेली दहावीतील एक मुलगी अंगात ताप असतानाही इंग्रजीची चाचणीपत्रिका हातात धरून बसली होती. तपासणी झाल्यावर तिने ती माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टरकाका, अर्थ तर बरोबर आहे, मग उत्तर चूक कसे?" वाक्य होते, 'ही वेन्ट टू सुरत ––– बाय मेडिसिन.' रिकाम्या जागी तिने 'फॉर' लिहिले होते आणि शिक्षकांनी त्यावर लाल फुली मारली होती.

तिचा प्रश्न रास्त होता. सुरत-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून येऊन या पट्ट्यात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले रोज तीन-चार भाषांतून ये-जा करतात. घरी 'औषध घेण्यासाठी', गल्लीत 'दवा लेवा माटे', दूरदर्शनसंचावर 'दवा लेने के लिए'. या तिन्ही भाषांत हेतू दाखविणारा शब्द नामालाही चालतो आणि क्रियापदापासून बनलेल्या रूपालाही चालतो. 'बाळासाठी' आणि 'घेण्यासाठी' यांत आपण भेद करीत नाही. इंग्रजीने मात्र दोन निराळी दारे ठेवली आहेत. पुढे नाम असेल तर 'फॉर', मूळ क्रियापद असेल तर 'टू'. म्हणून 'फॉर मेडिसिन' बरोबर, 'टू बाय मेडिसिन' बरोबर. पण 'फॉर बाय' चूक, आणि आपल्याकडे हमखास ऐकू येणारे 'फॉर टू बाय' हेही चूकच.

मुलीला एवढे सांगून मी घरी पाठविले. परंतु विषय मनातून गेला नाही. मराठी व्याकरणाशी सुरतेचे नाते जुने आहे. 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी याच शहरात मानवधर्मसभा स्थापन केली. इंग्रजी शिकविणारा माणूस आपल्या भाषेचेही व्याकरण जाणणारा असावा, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या परिसरात कोणते असणार? तेव्हा इंग्रजीचा हा पाठ आपण मराठीपासूनच सुरू करू.

लक्षण एक, निदाने दोन

पुढील दोन वाक्ये पाहा. 'ताप उतरावा म्हणून औषध दिले.' 'ताप उतरला म्हणून औषध बंद केले.' दोन्हींत 'म्हणून' आहे. पण पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात कारण व त्याचा परिणाम. हा भेद 'म्हणून' या शब्दात नाही, त्याच्या आधीच्या क्रियापदात आहे. 'उतरावा' हे विध्यर्थी रूप सांगते की गोष्ट अजून घडलेली नाही, ती घडावी अशी इच्छा आहे. 'उतरला' सांगते की ती घडून गेली.

इंग्रजीत ही दोन वाक्ये दोन वाटांनी जातात. पहिले 'सो दॅट द फीवर वुड कम डाऊन' असे होते. दुसरे 'द फीवर केम डाऊन, सो वी स्टॉप्ड द मेडिसिन' असे होते. मुले दोन्ही ठिकाणी नुसते 'सो' लिहितात, कारण त्यांच्या मनात 'म्हणून' हा एकच शब्द असतो. त्यांना शिकवायचे ते एवढेच, की 'म्हणून' भेटला की आधी मराठी क्रियापदाची नाडी पाहावी. 'आवे' असे रूप असेल तर हेतू. 'ला, ली, ले' असेल तर कारण.

रिकाम्या जागेपुढे काय आहे?

हेतू आहे हे ठरल्यावर पर्याय निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, रिकाम्या जागेनंतर लगेच काय आले आहे? मूळ क्रियापद असेल तर 'टू', 'इन ऑर्डर टू' किंवा 'सो ॲज टू' यांपैकी एक. तिन्हींचा अर्थ एकच; पहिले बोलण्यातले, पुढची दोन लेखी व औपचारिक. नाम असेल तर 'फॉर'. एखादी वस्तू कशाच्या उपयोगाची हे सांगायचे असेल तर 'फॉर'नंतर 'इंग'कारान्त रूपही चालते : 'अ थर्मामीटर इज यूज्ड फॉर मेझरिंग टेम्परेचर.' पण माणूस कोठे व का गेला हे सांगताना ते चालत नाही. 'आय वेन्ट फॉर मीटिंग हिम' असे न म्हणता 'आय वेन्ट टू मीट हिम' असेच म्हणावे.

दुसरा प्रश्न, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे का? कर्ता बदलून नवे वाक्यच सुरू होत असेल तर 'सो दॅट' हवे. 'आईने दिवा मंद केला, बाळ झोपावे म्हणून' यात दिवा मंद करणारी आई आणि झोपणारे बाळ. तेव्हा 'सो दॅट द बेबी कुड स्लीप'. कर्ता एकच असला तरीही 'सो दॅट' चालते, मात्र तो कर्ता पुन्हा लिहावा लागतो.

तिसरा प्रश्न, काळ कोणता? मुख्य क्रिया वर्तमानात असेल तर 'सो दॅट'नंतर बहुधा 'कॅन', 'विल' किंवा 'मे' येते. भूतकाळात असेल तर 'कुड', 'वुड' किंवा 'माइट'. परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच.

याखेरीज तीन खाचखळगे लक्षात ठेवावेत. 'विथ अ व्ह्यू टू' यातील 'टू' फसवा आहे. त्यापुढे मूळ क्रियापद न येता 'इंग'कारान्त रूप येते. नकारी हेतूत 'नॉट' हे 'टू'च्या आधी येते, जसे 'सो ॲज नॉट टू वेक द बेबी'. आणि 'लेस्ट' या शब्दातच 'न व्हावे' हा अर्थ असल्याने त्यापुढे 'शुड' येते, 'नॉट' येत नाही. 'सो' आणि 'दॅट' यांच्यामध्ये विशेषण अथवा क्रियाविशेषण शिरले, तर मात्र तो हेतू नव्हे, परिणाम होय.

दवाखान्यातील 'साठी'

डॉक्टरमित्रहो, हा सारा खटाटोप गुणांपुरताच आहे असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत घडलेली माझी स्वतःची एक चूक मी विसरलेलो नाही. जुलाब होणाऱ्या एका तान्ह्या बाळाच्या आईला मी ओआरएसची पाकिटे दिली आणि घाईत एवढेच म्हणालो, "हे जुलाबासाठी." दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले नाहीत. औषध लागू पडत नाही असे समजून तिने ते बंद केले. तिसऱ्या दिवशी बाळ आले तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू परतणारी. शिरेतून सलाईन द्यावे लागले. बाळ वाचले, पण दोष त्या माउलीचा नव्हता, माझ्या 'साठी'चा होता.

ओआरएस जुलाब थांबविण्यासाठी नसते. शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून निघावेत म्हणून ते असते. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम व पाणी शोषून घेते, एवढेच त्याचे साधे कार्य. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. त्या दिवसापासून मी 'जुलाबासाठी' हा शब्द टाकला. आता सांगतो, "जुलाब दोन-चार दिवस होतील, पण बाळाच्या अंगातले पाणी कमी पडू नये म्हणून हे पाजत राहायचे." वाक्य लांबले, परंतु आईला हेतू कळला, आणि हेतू कळला की ती पाजणे सोडत नाही. पॅरासिटामॉलचेही तसेच. ते तापाचा त्रास कमी व्हावा म्हणून, तापाचे मूळ नाहीसे व्हावे म्हणून नव्हे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुण डॉक्टरांनाही हेच सांगावेसे वाटते. ब्रिटनमधील नोंदणीसाठी मान्य असलेल्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत डॉक्टरांना बहुधा संदर्भपत्र लिहावे लागते. त्याच्या मूल्यमापनाच्या सहा निकषांतील पहिला निकष 'हेतू' हाच आहे. रुग्णाला कशासाठी पाठवीत आहोत, हे पत्राच्या आरंभीच वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

थोडा सराव

मुलांकडून पुढील वाक्ये पूर्ण करून घ्यावीत.

1. 'शी बॉइल्ड द वॉटर ––– किल द जर्म्स.'
2. 'द नर्स स्पोक सॉफ्टली ––– द चाइल्ड वुड नॉट वेक अप.'
3. 'ही केम टू सुरत विथ अ व्ह्यू टू ––– अ शॉप.' (क्रियापद : ओपन)
4. 'द बॉय वॉज ––– वीक ––– ही कुड नॉट स्टँड.'

उत्तरे : पहिल्यात 'टू', 'इन ऑर्डर टू' किंवा 'सो ॲज टू', दुसऱ्यात 'सो दॅट', कारण कर्ता बदलला, तिसऱ्यात 'ओपनिंग', चौथ्यात 'सो' व 'दॅट', आणि तेथे हेतू नाही, परिणाम आहे.

ती मुलगी आठवड्याने पुन्हा आली. ताप उतरला होता. तिने नवी पत्रिका दाखविली; हेतूची चारही वाक्ये बरोबर होती. मी विचारले, "कसे जमले?" ती म्हणाली, "आधी मराठीत म्हणून पाहिले, काका." मातृभाषा पक्की असली की परकी भाषा शिकणे सोपे जाते, हे त्या मुलीने एका वाक्यात सांगितले. आपल्या मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातील मराठी बंद करणाऱ्या पालकांनी यावर अवश्य विचार करावा.