उत्तर कोणाकडे जावे?

आमच्या इंदूरच्या वाचनमंडळाची ई-पत्रांची यादी मी सांभाळतो. यादीच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र सर्व सभासदांना पोहोचते. त्यासाठी आम्ही मेलमन २.१ ही प्रणाली वापरतो. तिच्या सर्वसाधारण मांडणीतील दोन नोंदी नव्या चालकांनी आधी पाहाव्यात.

पहिली नोंद उत्तराची. उत्तर मूळ लेखकाकडे, संपूर्ण यादीकडे किंवा ठरवून दिलेल्या पत्त्यावर जाऊ शकते. चर्चा वाढावी म्हणून मी ‘यादीकडे’ हा पर्याय निवडला. पुढे एका ज्येष्ठ सभासदांनी स्नेह्याला खासगीत कळवलेली आजारपणाची हकीकत सर्वांच्या हाती पडली. ते मला काही बोलले नाहीत. पण यादीवर लिहिणे त्यांनी सोडले. त्यानंतर मी ‘मूळ लेखकाकडे’ हा पर्याय ठेवला. मेलमनचे कर्तेही तोच सुचवतात. सर्वांना लिहायचे असेल त्याला ‘सर्वांना उत्तर’ हे बटण आहेच.

दुसरी नोंद आकाराची. ही मर्यादा मुळात ४० किलोबाइट असते. त्याहून मोठे पत्र चालकाच्या संमतीसाठी अडून राहते. युटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही वेगळी मोजली जातात. पत्र बेस-६४ रूपात गेले, की ३ बाइटांचे ४ होतात. म्हणजे साधारण १०,००० चिन्हांतच मर्यादा संपते. साध्या इंग्रजी मजकुराची सुमारे ४०,००० अक्षरे तेवढ्याच जागेत मावतात. म्हणून मराठी यादीची मर्यादा वाढवून घ्यावी.

आकाराची चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. उत्तराची चूक सुधारता येत नाही. गेलेले पत्र परत येत नाही.