आगीवर जगणारे अरण्य आणि त्यातील एक साप
(द्वितीय वर्ष कला)

साप दिसला की माणसाचा हात आधी काठीकडे जातो. तो विषारी आहे की बिनविषारी, कोणाचा शत्रू आणि कोणाचा मित्र, याची चौकशी साप मेल्यावर होते. जगाच्या पाठीवर सर्वत्र हीच रीत आहे. पण एखादी सापाची जात केवळ काठीने नष्ट होत नाही. ती ज्या जमिनीवर जगते ती जमीनच बदलली, तर काठी न उचलताही ती जात संपते. अमेरिकेतील लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांत राहणाऱ्या एका सापाची कहाणी अशीच आहे. त्याला लुइझियाना पाइन साप असे म्हणतात.

प्रथम या सापाची ओळख करून घेऊ. ऑलिव्ह ग्रिफिथ स्टल या संशोधक महिलेने १९२९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मिशिगन विद्यापीठातील सरीसृपतज्ज्ञ अलेक्झांडर रुथव्हेन यांच्यावरून त्याचे नाव ‘पिट्युओफिस रुथव्हेनी’ असे पडले. पूर्ण वाढलेला साप चार ते पाच फूट लांब असतो. रंग फिकट पिवळसर, त्यावर गडद तपकिरी ठिपके. शेपटीकडे जाताना हे ठिपके तांबूस होत जातात. तो बिनविषारी आहे. डिवचला तर मोठ्याने फुत्कारतो, शेपटी थरथरवतो, पण हे सारे भीती घालण्यापुरते. वर्षाचा बराच काळ तो जमिनीखाली असतो, त्यामुळे त्याच प्रदेशात जन्म काढलेल्या माणसांनाही तो क्वचितच दिसतो.

जमिनीखालचे हे घर तो स्वतः बांधत नाही. त्या वालुकामय जमिनीत पॉकेट गोफर नावाचा एक कुरतडणारा प्राणी राहतो. गालांच्या बाहेर त्याला केसाळ पिशव्या असतात आणि त्यांत भरून तो कंदमुळे बिळात नेतो. आपल्याकडच्या घुशीप्रमाणे तो जमीन पोखरतो आणि मातीचे उकिरडे वर टाकतो. हाच या सापाचा मुख्य आहार आणि याचीच बिळे हा त्याचा निवारा. थंडीत साप या बिळांत झोपतो, उन्हाच्या तडाख्यात आणि आगीतही येथेच आश्रय घेतो. बिळाच्या अरुंद जागेत भक्ष्याला वेटोळे घालता येत नाही, म्हणून तो आपल्या अंगाने गोफरला बिळाच्या भिंतीशी दाबून मारतो. ज्याच्या घरात राहायचे त्यालाच खायचे, असा हा विचित्र पाहुणा आहे. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गोफर गेला की सापाचे अन्न आणि घर दोन्ही एकदमच जातात.

आता गोफर कशावर जगतो? गवत आणि लहान झुडुपांच्या मुळांवर. गवत कशावर जगते? सूर्यप्रकाशावर. आणि अरण्यात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाश पोहोचतो केव्हा? येथे आपण त्या पाइनच्या अरण्याकडे येतो.

लाँगलीफ, म्हणजे लांब पानांचा पाइन, हा हिमालयातील चीड वृक्षाच्याच कुळातला. त्याच्या सुईसारख्या पानांची लांबी एक ते दीड फुटापर्यंत जाते. तो तीनशे वर्षांपर्यंत जगू शकतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर या वृक्षाची अरण्ये होती. ही अरण्ये आपल्या कल्पनेतल्या दाट जंगलासारखी नव्हती. झाडे दूर दूर उभी, मध्ये मोकळे गवत, आणि त्या गवतावर ऊन. हा मोकळेपणा राखण्याचे काम आग करीत असे. वीज पडून आग लागे. तेथील आदिवासी लोकही शिकारीसाठी आणि गवत नवे फुटावे म्हणून आग लावीत. दर दोन-चार वर्षांनी जमिनीलगत आग धावून जाई. इतर झाडांची रोपे जळून जात, लाँगलीफ मात्र टिके.

तो कसा टिकतो हे वाचताना मला फार नवल वाटले. त्याचे रोप पहिली काही वर्षे उंच वाढतच नाही. ते गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलाच चिकटून राहते आणि सारे बळ मूळ खोल नेण्यात घालते. आग आली तर लांब पाने जळतात, पण मधला कोंब त्या पानांच्या गुंडाळीत सुरक्षित राहतो. मूळ पुरेसे खोल गेले की एखाद-दोन वर्षांत ते झपाट्याने उंच होते, जणू आगीच्या आवाक्यातून वर निसटते. पुढे त्याची जाड साल त्याला राखते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अरण्यात रेल्वे आणि वाफेवर चालणाऱ्या लाकडाच्या गिरण्या आल्या. १८८० नंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत अरण्यामागून अरण्य कापले गेले. कापलेल्या जमिनीवर पुढे शेती झाली, वस्ती झाली, आणि पुष्कळ ठिकाणी कागदासाठी लवकर वाढणारे लोब्लॉली पाइन दाटीने लावण्यात आले. त्यातच आग ही सर्वस्वी वाईट, ती विझवलीच पाहिजे, असे सरकारी धोरण दीर्घकाळ चालले. आग थांबली तशी झुडुपे माजली, सावली दाटली, गवत मेले, गोफर कमी झाले आणि साप दिसेनासा झाला. लाँगलीफचे क्षेत्र एका काळी ३० लाख एकरांच्या आसपास, म्हणजे मूळच्या शंभरात तीन-चार भागांवर आले होते. शंभर एकरांची जमीन असलेल्या घराकडे तीन-चार एकर उरावेत, तशी ही स्थिती.

या सापाची आणखी एक अडचण आहे. तो एका वेळी तीन ते पाचच अंडी घालतो. अंडी मात्र मोठी, सुमारे पाच इंच लांब. आणि पिल्लू जन्मतःच दीड फुटाहून अधिक लांबीचे. थोडी पण सशक्त संतती, हा त्याचा मार्ग. निर्वेध अरण्यात हे पुरेसे होते. आता रस्त्यांवर गाड्यांखाली साप मरतात, मातीची धूप रोखण्यासाठी अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या जाळ्यांत अडकतात. आणि इतक्या थोड्या पिलांवर ही तूट भरून निघत नाही.

मग उपाय काय? २०१८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७३ च्या संकटग्रस्त जीव कायद्याखाली या सापाला संरक्षण दिले. त्याआधीच २०१० पासून लुइझियानातील किसाची राष्ट्रीय वनात, प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पिल्ले सोडण्यास प्रारंभ झाला होता. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, फोर्ट वर्थ आणि लफकिन येथील प्राणिसंग्रहालये या कामात आहेत. हे किसाची वन कसे वाचले, हेही सांगण्यासारखे आहे. कॅरोलिन डॉर्मन या शिक्षिकेने झाडे कापली जात असताना वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९३० साली हे वन राष्ट्रीय वन म्हणून घोषित झाले. आज साप सोडायला ही जागा आहे, याचे मोठे श्रेय त्या बाईंना आहे.

परंतु पिल्ले सोडणे हा कामाचा लहान भाग. मोठा भाग आगीचा आहे. वनखाते वारा, ओल आणि दिवस पाहून, भोवती जाळरेषा काढून, ठरावीक वर्षांनी जमिनीलगतची आग मुद्दाम लावते. झुडुपे जळतात, गवत येते, गोफर परततात. याचा लाभ एकट्या सापाला नाही. जिवंत जुन्या पाइनमध्ये ढोली कोरणारा एक दुर्मिळ सुतार पक्षीही याच मोकळ्या अरण्यावर अवलंबून आहे.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील शेती करतात. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आमच्या गावात अजूनही सांगतात. पण वडील मात्र बांधावरच्या धामणीला कोणाला हात लावू देत नाहीत. “ती उंदरांचा हिशेब ठेवते,” असे ते म्हणतात. सापाला दूध ओढून घेता येत नाही हे पुस्तक मला सांगते, आणि धान्य कोणामुळे वाचते हे वडील सांगतात. म्हणून मला वाटते, संरक्षणाची गोष्ट शेतकऱ्याला वगळून सांगता येत नाही. लुइझियानातही बरीच जमीन खाजगी मालकीची आहे. लोब्लॉलीचे कागदाचे लाकूड पंधरा-वीस वर्षांत विकता येते. लाँगलीफ सावकाश वाढतो. ज्याच्या घरी मुलीचे लग्न किंवा कर्जाचा हप्ता आहे, त्याला ‘सापासाठी थांब’ असे नुसते सांगून चालेल का? त्यामुळे लाँगलीफ लावणाऱ्या जमीनमालकाच्या खर्चाचा काही वाटा तेथील सरकार उचलते, हे मला कायद्याइतकेच महत्त्वाचे वाटते. अशा प्रयत्नांनी लाँगलीफचे क्षेत्र आता पुन्हा वाढत आहे.

येथे एक इशारा द्यायला हवा. तेथे आग लावतात म्हणून आपणही डोंगर पेटवावेत, असा अर्थ कोणी काढू नये. सह्याद्रीतील झाडे त्या पाइनसारखी आगीशी जुळवून घेऊन घडलेली नाहीत. दर उन्हाळ्यात निष्काळजीपणाने लागणारे वणवे आपल्याकडे रोपे, घरटी आणि गुरांचा चारा जाळतात. प्रत्येक अरण्याचा स्वतःचा कायदा असतो आणि तो त्या अरण्यातच शिकावा लागतो.

लुइझियानातील लोकांना तो कायदा अरण्य जवळजवळ संपल्यावर उमगला. साप वाचवायचा तर गोफर हवा, गोफर हवा तर गवत, गवत हवे तर ऊन, आणि ऊन हवे तर आग. यातला एक दुवा तुटला की पुढचे सारे गळून पडतात. आपल्या गावाच्या शिवारात असे कोणते दुवे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मित्रहो, येत्या सुटीत घरी गेल्यावर हा प्रश्न आपापल्या वडिलांना आणि आजोबांना विचारा. ते जाणणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.