फुकट पार्किंगचं बिल

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलनंतर टेप हातातच होती म्हणून मी आमची हॉस्टेलची खोली मोजली. १० फूट बाय १२, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. त्यात आम्ही तिघं, तीन कॉट आणि एक गळकी बादली. आता नियमातली कारची जागा बघा : २.५ बाय ५ मीटर, म्हणजे १२.५! खोलीची फी आम्ही भरतो. गेटबाहेर दिवसभर उभी असलेली कार काय भरते? काही नाही.

(मी कॉन्व्हेंटचा, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

समजा त्या जमिनीचं भाडं चौरस मीटरला महिना ४०० रुपये आहे. आकडा माझा, फक्त गणितासाठी. १२.५ गुणिले ४०० म्हणजे ५००० रुपये. महिन्यात २५ दिवस, रोज १० तास धरले तर तासाला २० रुपये. कारवाला देत नाही, पण दुसरं कोणीतरी देतंच. फुटपाथ गेला म्हणून रस्त्यातून चालणारी आजी देते, एनएमएमटीच्या अडकलेल्या बसमधले लोक आपला वेळ देतात. बिल्डिंगमधल्या सक्तीच्या पार्किंगचा खर्च तर फ्लॅटच्या किमतीतच मिसळतो, गाडी नसलेला पण तो भरतो.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, बिल्डरवर सक्ती नको, पण रस्त्यावरच्या जागेला दर लावा. तो असा, की एक-दोन जागा नेहमी रिकाम्या मिळाव्यात. जमलेला पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथवर, दिव्यांवर खर्च करा.

आपल्याकडे सक्ती कमी करायला सुरुवात झाली, दराचं मात्र राहून गेलं. बिल्डरांना पार्किंग कमी ठेवायची सूट मिळाली, तेव्हा नवी मुंबईच्याच एका रहिवाशाने जनहित याचिका केली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्ट म्हणालं की एकच फ्लॅट असलेल्या घराला चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत. मला वाटतं, रस्ता फुकट ठेवून आतली जागा कमी केली तर गाड्या बाहेरच येणार.

आता माझं सांगतो. माझी स्कूटर दोन चौरस मीटरची. पे-अँड-पार्कचे पैसे वाचवायला मी ती स्टेशनबाहेर फुटपाथवर लावायचो. परवा काठी घेतलेले एक आजोबा तिला वळसा घालायला रस्त्यात उतरले, मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. तेव्हापासून पावती फाडतो. सबमिशनच्या दिवशी उशीर झाला की मात्र अजून हात फुटपाथकडेच वळतो.