महानदीच्या उगमाकडे

रायपूर हे सपाट प्रदेशात वसलेले शहर होय. भातखाचरांची ही सपाटी दक्षिणेस धमतरीपर्यंत जाते. तेथून आग्नेयेस नगरीचा रस्ता धरला की सालवृक्षांचे अरण्य आणि डोंगररांगा सुरू होतात. या रांगांतच, रायपूरपासून सुमारे १४० किलोमीटरवर, सिहावा येथे महानदीचा उगम आहे. पहाटे निघालेल्या प्रवाशास उगम पाहून रात्रीपर्यंत परतता येते. पावसाळा सरल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ यासाठी उत्तम.

सिहाव्याची टेकडी फार उंच नाही. तिचा चढ मात्र चांगलाच दमवणारा आहे. माथ्यावर शृंगी ऋषींचा आश्रम दाखविला जातो. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करणारे तेच हे ऋषी. त्यांच्या कमंडलूतील पाणी सांडले आणि नदी वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात दिसते ते एक लहानसे कुंड. ८५८ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचा आरंभ पाहण्यास आलेल्याची येथे थोडी निराशा होते, आणि ती स्वाभाविकच आहे. परंतु माथ्यावरून सभोवार दृष्टी टाकली की खरा उगम ध्यानी येतो. पावसाचे पाणी सालवनातील पालापाचोळ्यात अडते, जमिनीत मुरते आणि पुढे झिरपत ओहोळांना मिळते. अरण्य विरळ झाले तर तेच पाणी माती घेऊन एकदम धावत सुटेल. येथून नदी आधी पश्चिमेकडे जाते, मग उत्तरेस वळते. राजिमला पैरी व सोंढूर यांना भेटून ती ईशान्येचा मार्ग धरते.

टेकडीपासून जवळच कर्णेश्वराचे मंदिर आहे. सोमवंशी राजा कर्णराज याच्या शके १११४, म्हणजे इसवी सन ११९२ च्या शिलालेखामुळे या स्थानाचे प्राचीनत्व निश्चित झाले आहे.

याच अरण्याने १९२२ साली वेगळाच प्रसंग पाहिला. राखीव जंगलातून सरपण आणण्यास बंदी होती, आणि वनखात्याच्या कामावर वेठबिगार चाले. नगरी-सिहावा भागातील आदिवासींनी उघडपणे जंगलात शिरून लाकूड तोडले व अटक पत्करली. त्याआधी दोन वर्षे धमतरीजवळच्या कंडेल गावी पाण्यावरून असाच लढा झाला होता. कालव्याचे पाणी चोरल्याचा ठपका ठेवून सरकारने गावकऱ्यांवर आकारणी बसविली. ती नाकारताच गुरे जप्त झाली. पण लिलावात बोली करण्यास कोणी पुढे येईना. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे या लढ्याचे पुढारी होते. अखेर ती आकारणी मागे घ्यावी लागली.

परतताना, वेळ असल्यास, १९२३ साली पूर्ण झालेले माडमसिल्ली धरण पाहावे. सिलियारी या उपनदीवरील या धरणाला आपोआप चालणारे वक्रनलिकांचे सांडवे आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की नळीतील हवा बाहेर ढकलली जाते आणि विसर्ग पूर्ण वेगाने सुरू होतो. पातळी उतरून हवा पुन्हा आत शिरली की तो थांबतो. दरवाजे उचलण्यास माणूस लागत नाही.

धमतरीजवळ महानदीवरच गंगरेलचा विस्तीर्ण जलाशय लागतो. त्याच्याखाली अनेक गावे गेली. आज त्याचे पाणी शेतांना, भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि रायपूर शहराला जाते.