ओल्या बाळंतिणीला ‘बाहेरचं’ होत नाही, तो आजार असतो



वॉर्डात ड्युटी करताना एका रात्री यंत्रमागावरचा एक कामगार बायकोला घेऊन आला. बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. चार रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. “हे बाळ माझं नाही, बदललंय,” असं ती सारखं म्हणे. कपाळाला अंगारा, दंडाला गंडा. तीन दिवस भगताकडे गेले होते. सासू म्हणाली, “सिस्टर, बाहेरचं झालंय.”

बाहेरचं काही नव्हतं. तो मेंदूचा आजार होता. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. बाळंतपणानंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात, झोप मोडते. आधी बायपोलर आजार झालेला असेल किंवा माहेरी कोणाला असेल, तर धोका जास्त.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं वेगळं. ते दोन आठवड्यांत आपोआप जातं. पण पुढचं काही दिसलं तर थांबू नका:

- झोप नाही, तरी थकवा नाही
- आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं
- घरच्यांवर संशय, बाळाबद्दल विचित्र बोलणं
- घडीत हसणं, घडीत रडणं, गोंधळणं
- स्वतःला किंवा बाळाला संपवण्याची भाषा

अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतिणीला एकटं ठेवू नका, बाळाजवळही एकटं सोडू नका. १०८ ला फोन करा. सल्ल्यासाठी टेलिमानस, १४४१६, दिवसरात्र मोफत आहे. ताप असेल तर आवर्जून सांगा, जंतुसंसर्गानेही भ्रम होतो. औषध मनाने बंद करू नका. अंगावर पाजायचं का, ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या बाळंतपणात हा आजार उलटू शकतो, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सांगा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, भरती झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. बाळाला धोका असेल तेवढ्यापुरतंच वेगळं ठेवतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

थेरीगाथेतली पटाचारा आठवा. नवरा, दोन लेकरं, आईबाप गेले आणि तिचं भान हरपलं. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी जवळ येऊ दिलं, एकाने अंगावरचं वस्त्र दिलं. तिचं दुःख वेगळं होतं, पण आपण कसं वागायचं ते त्यात आहे.

आमची ती बाळंतीण? उपचार मिळाले, बरी झाली. अडीच महिन्यांच्या डोसाला तीच बाळाला छातीशी धरून आली. सासू मागे पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, “सिस्टर, ते तीन दिवस वाया घालवायला नको होते.”