ग्राही प्रथिनातील पाणी

चहा घेतल्यावर पेंग उडते, हा परीक्षेच्या दिवसांतला तुमचा अनुभव असेल. हे काम चहातील कॅफीनचे. आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. चेतापेशींच्या पटलातील काही प्रथिनांना ते चिकटले की झोप येऊ लागते. बाहेरचा निरोप घेणाऱ्या अशा प्रथिनांना ग्राही प्रथिने म्हणतात. कॅफीन नेमकी ॲडिनोसिनचीच जागा अडवून बसते आणि निरोप पेशीत पोहोचत नाही.

एरवी तो पोहोचतो कसा? या प्रथिनाचे मळसूत्री वळणाचे सात दंड पटलातून आरपार गेलेले असतात. बाहेरच्या टोकाला ॲडिनोसिन बसले की दंड किंचित सरकतात व आतल्या टोकाशी दुसऱ्या प्रथिनाला जागा होते. पुढचे काम ते करते.

पटल स्निग्ध पदार्थांचे असते. तेलात पाणी मिसळत नाही. मग पटलात रोवलेले प्रथिनही आतून कोरडेच असेल, असे तुम्ही म्हणाल. परंतु २०१२ साली शास्त्रज्ञांनी ॲडिनोसिनच्या एका ग्राहीचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासले. ०.१८ नॅनोमीटरपर्यंतचे बारकावे दिसले, आणि दंडांच्या मधल्या जागेत पाण्याचे पन्नासहून अधिक रेणू ठरावीक ठिकाणी आढळले!

त्यांतले तीन रेणू विशेष महत्त्वाचे आहेत. प्रथिनाच्या मध्यावरील एका पोकळीत सोडियमचा आयन असतो. प्रथिनातील दोन अमिनो आम्ले आणि पाण्याचे हे तीन रेणू त्याला धरून ठेवतात. ही जणू दाराची खिट्टीच. ती बसलेली असेपर्यंत ग्राही विश्रांत अवस्थेत राहते. दंड सरकले की पोकळी आकसते, सोडियमला जागा उरत नाही आणि पाण्याच्या रेणूंची मांडणी बदलते. सोडियमचे प्रमाण वाढवले, तर ग्राहीवरील ॲडिनोसिनची पकड सैल होते, हेही प्रयोगांत दिसले आहे.

हे काम पाण्यालाच का जमते? त्याचे हायड्रोजन बंध सहज जुळतात आणि सहज सुटतात. त्यामुळे रचना टिकते, पण जखडली जात नाही.

याच ग्राहीला अडवणारे एक औषध कंपवाताच्या रुग्णांना दिले जाते. असे नवे औषध शोधताना प्रथिनातील कोणते पाणी हटेल आणि कोणते हटणार नाही, याचाही हिशेब करावा लागतो. तेव्हा ग्राहीची आकृती काढाल, त्या वेळी दंडांमधली जागा रिकामी सोडू नका. तिथे पाणी दाखवा.