सरासरीवर विसंबू नका : नव्या निविष्ठेची चाचणी आपल्याच शेतात

खरीप हंगाम सुरू झाला की वाढ संप्रेरके, सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणे, जिवाणू खते यांची जाहिरात गावोगाव सुरू होते. 'अमक्याने फवारणी केली, त्याला एकरी दोन क्विंटल जादा मिळाले' असे सांगितले जाते. हे खोटे असेलच असे नाही. परंतु ज्याने फवारणी केली त्याची जमीन बहुधा भारी असते, पेरणी वेळेवर झालेली असते आणि पावसाने ताण दिला तर विहिरीचे पाणीही हाताशी असते. मग जादा उत्पादन फवारणीचे की पाण्याचे? दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. पैसे खर्च करण्यापूर्वी हा उलगडा करावयास हवा. त्यासाठी संख्याशास्त्रातील थोडी माहिती पुरेशी आहे.

तीन नियम

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथे १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत बसविली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी ही विद्या भारतीय शेतीत रुजविली. शेतीसंशोधकांसाठी त्यांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीचे मुख्य नियम तीन :

१) पुनरावृत्ती : एकाच तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये. तीच तुलना अनेक ठिकाणी करावी.
२) चिठ्ठी टाकून वाटणी : कोणत्या तुकड्यात फवारणी करावयाची हे आपल्या मर्जीने ठरवू नये. चांगला तुकडा नकळत नव्या औषधाला दिला जातो.
३) सारख्याशी सारख्याची तुलना : बांधाजवळचा तुकडा बांधाजवळच्याच तुकड्याशी ताडून पाहावा.

चाचणी कशी घ्यावी?

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. शेतात सहा ठिकाणी शेजारशेजारचे दोन-दोन तुकडे, म्हणजे सहा जोड्या आखाव्यात. प्रत्येक तुकडा १२ × १२ मीटरचा ठेवावा. यास एकूण सुमारे १७ गुंठे जागा लागते. प्रत्येक जोडीत नाणे उडवून एका तुकड्यात फवारणी करावी. वाण, पेरणीची तारीख, खते, कोळपणी बाकी सर्व सारखे ठेवावे. फवारा शेजारी उडतो, म्हणून काढणीच्या वेळी कडेचा एक मीटर पट्टा सोडून आतील १० × १० मीटरचेच पीक वेगळे मळावे आणि सारखे वाळवून एकाच काट्यावर तोलावे. या क्षेत्रातील जितके किलो, तितकेच हेक्टरी क्विंटल होतात, त्यामुळे हिशेब सोपा जातो.

समजा, पुढीलप्रमाणे वजने मिळाली (किलो) :

जोडी १ : फवारणीविना १९.०, फवारणीसह २०.५, फरक १.५
जोडी २ : २१.५, २१.०, फरक उणे ०.५
जोडी ३ : १६.०, १८.०, फरक २.०
जोडी ४ : २२.०, २२.५, फरक ०.५
जोडी ५ : १८.५, २१.०, फरक २.५
जोडी ६ : १७.०, १७.०, फरक ०

सरासरी १९ विरुद्ध २०, म्हणजे हेक्टरी एक क्विंटल वाढ. बहुतेक जण येथेच थांबतात आणि डबे विकत आणतात. परंतु फवारणी न केलेल्या तुकड्यांतच १६ ते २२ किलो इतकी तफावत आहे, हे लक्षात घ्यावे. त्यापुढे एक क्विंटलचा फरक योगायोगाचाही असू शकतो.

फरक खरा की योगायोगाचा?

प्रत्येक फरकातून सरासरी फरक (१.०) वजा करावा, आलेल्या संख्यांचे वर्ग करून बेरीज करावी. ती ७ येते. जोड्यांच्या संख्येपेक्षा एक कमी, म्हणजे ५ ने भागल्यास १.४ मिळतात. याचे वर्गमूळ १.१८, हे प्रमाण विचलन होय. त्यास सहाच्या वर्गमूळाने (२.४५) भागल्यास ०.४८ ही प्रमाण त्रुटी मिळते.

आता सरासरी फरकास प्रमाण त्रुटीने भागावे. येथे उत्तर सुमारे २.०७ येते. सहा जोड्यांच्या चाचणीत हे उत्तर २.५७ पेक्षा जास्त असेल तरच फरक लक्षणीय समजतात. नुसत्या योगायोगाने एवढा मोठा फरक, वाढीचा किंवा घटीचा, वीस चाचण्यांत साधारण एकदाच दिसतो. आपले उत्तर त्याखाली आहे, म्हणून वाढ सिद्ध झाली नाही. २.५७ गुणिले ०.४८ म्हणजे सुमारे १.२४. तेव्हा खरा परिणाम हेक्टरी पाव क्विंटल घटीपासून सव्वादोन क्विंटल वाढीपर्यंत कोठेही असू शकेल. औषध निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. पुरावा अपुरा आहे, एवढाच अर्थ आहे.

खर्चाचा मेळ

फरक लक्षणीय आला तरी तो फायद्याचा असतोच असे नाही. फवारणीचा मजुरीसह खर्च हेक्टरी २,५०० रुपये आणि सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,००० रुपये धरल्यास नुसता खर्च भरून निघण्यास सुमारे ६३ किलो जादा उत्पादन हवे. आपल्या भावाने व आपल्या खर्चाने हा आकडा आधी काढून ठेवावा.

वरील चाचणीवरून संपूर्ण शेतावर खर्च करणे घाईचे ठरेल. पुढील हंगामात जोड्या वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी. प्रत्येक वर्षाचा पाऊस वेगळा असतो, म्हणून दोन-तीन हंगामांचे आकडे पाहूनच निर्णय घ्यावा. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून अशी चाचणी घेतल्यास खर्च वाटला जातो आणि निष्कर्षही अधिक भरवशाचा मिळतो. आकडे वहीत जागच्या जागी नोंदवावेत, न आवडलेला आकडा वगळू नये आणि आकडेमोडीत अडचण आल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांना वही दाखवावी.